मंदीच्या दिवसांत छोटा धंदा कसा निवडावा?

'उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी' ही म्हण आपण सर्वांनी लहानपणापासून ऐकलेली आहे. परंतु प्रत्यक्ष व्यवहारात आपल्या मध्यम स्थितीतील कुटुंबांनी तिचा क्रम केव्हाच उलटा करून टाकला आहे. मुलाने शिकावे ते नोकरीसाठी, आणि नोकरी मिळाली नाही किंवा सुटली तरच धंद्याकडे वळावे, अशी आपली समजूत झाली आहे. याचा परिणाम असा होतो की, मनुष्य धंद्यात उतरतो तो बहुधा सर्वांत वाईट वेळी. कारखान्यातील कामगार कमी केले जातात, दुकानातील मुनीम घरी बसतो, स्वेच्छानिवृत्तीचे कागद पुढे येतात, ते मंदीच्या काळातच. हाती प्रॉव्हिडंट फंडाची रक्कम असते, घरात चार दागिने असतात, मनात घबराट असते; आणि मग पंधरा दिवसांत कसलातरी धंदा ठरवून टाकला जातो.

शिक्षक या नात्याने या गोष्टीची पुढची बाजू माझ्या दृष्टीस पडते. दुकान बसले की घरातील पहिली काटकसर मुलांच्या शिक्षणात होते. आधी शिकवणी बंद होते, मग फी थकते, आणि पुढे हुशार मुलगी दहावीनंतर घरी राहते. लोक नशिबाला दोष देतात. वस्तुतः पुष्कळ वेळा दोष नशिबाचा नसून न केलेल्या हिशोबाचा असतो, आणि तो हिशोब सातवी-आठवीच्या गणितापलीकडचा नसतो. आपल्या न्यासाच्या या महोत्सवी स्मरणिकेच्या निमित्ताने तो हिशोब सभासदांपुढे साध्या भाषेत मांडावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

मंदीत नेमके काय घडते?

एका माणसाचा खर्च हे दुसऱ्या माणसाचे उत्पन्न असते, ही अर्थशास्त्रातील पहिली गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे मंदीचे स्वरूप कळते. आपल्या बेळगावचेच उदाहरण घ्या. येथील फौंड्र्या आणि यंत्रशाळा वाहनांचे व पंपांचे सुटे भाग बनवितात. बाहेरगावच्या मोठ्या कारखान्याने मागणी कमी केली की उद्यमबागेतील जादा पाळी बंद होते. पाळी बंद झाली की कामगाराच्या हातातील जादा मजुरी जाते. मग फाटकासमोरच्या चहावाल्याचे पेले कमी होतात, शहापूरच्या शिंप्याकडे नवे कपडे येत नाहीत, आणि शिंपी आपल्या मुलासाठी सायकल घेण्याचे पुढच्या वर्षावर टाकतो. सायकलवाला कारखान्यात कधी गेलेला नसतो, तरी त्याच्या दुकानात मंदी पोहोचते.

गेल्या काही वर्षांत आपण असे तीन धक्के पाहिले. सप्टेंबर २००८ मध्ये अमेरिकेतील लेहमन ब्रदर्स ही पेढी बुडाली आणि जगभर मागणी आटली. ८ नोव्हेंबर २०१६ रोजी पाचशे व हजाराच्या नोटा रद्द झाल्या, तेव्हा रोखीवर चालणारा लहान धंदा कित्येक आठवडे ठप्प झाला. २५ मार्च २०२० पासून टाळेबंदी आली. त्या वर्षीच्या एप्रिल ते जून या तिमाहीत देशाचे उत्पन्न आदल्या वर्षीच्या त्याच तिमाहीपेक्षा सुमारे २४ टक्क्यांनी घटले, असा सरकारचा पहिला अंदाज होता. तिन्ही वेळा कारण निराळे होते. परंतु गल्लीतील दुकानावर परिणाम एकच झाला. गिऱ्हाईक कमी आले, आले ते कमी रकमेची खरेदी करू लागले, आणि जे घेतले ते उधारीवर मागू लागले.

तथापि मंदीला दुसरी बाजूही आहे. याच काळात गाळ्यांची भाडी व पागडी उतरते, मालक घासाघीस ऐकून घेतो, बंद पडलेल्या दुकानांची कपाटे, शिलाई यंत्रे, शेगड्या आणि वजनकाटे निम्म्या किमतीत मिळतात, आणि कुशल कारागीर कामासाठी विचारीत येतो. म्हणजे मंदीत धंदा सुरू करणे स्वस्त असते, पण चालविणे कठीण असते. जो मनुष्य कमी खर्चात सुरू करून दीर्घकाळ तग धरू शकतो त्याला ही वेळ अनुकूल आहे. जो मोठा खर्च करून लवकर नफ्याची वाट पाहतो त्याला प्रतिकूल आहे.

मंदीने बसलेला धंदा आणि काळाने बसलेला धंदा

निवड करताना पहिला प्रश्न हा विचारावा : हा धंदा मंदीमुळे मागे पडला आहे, की काळामुळे? एके काळी प्रत्येक नाक्यावर एसटीडी बूथ होता. अनेक कुटुंबांचा, विशेषतः अपंग बांधवांचा, त्यावर चरितार्थ चालत असे. मोबाइल आला आणि बूथ गेले. टंकलेखनाचे वर्ग, व्हिडिओ कॅसेट भाड्याने देणारी दुकाने, फोटोची रिळे धुण्याच्या प्रयोगशाळा यांची गत तीच झाली. यांपैकी कोणताही धंदा मंदीने मारला नाही, म्हणून तेजी आल्यावर तो परतलाही नाही.

मंदीत अशा धंद्यांची दुकाने सामानासह फार स्वस्तात विकावयास निघतात आणि नवख्या माणसाला मोह पडतो. त्याने एवढेच पाहावे की, मंदीच्या आधीच्या तीन-चार वर्षांत या धंद्याचे गिऱ्हाईक वाढत होते की घटत होते? चांगल्या दिवसांतही जर ते घटत होते, तर दुकान फुकट मिळाले तरी घेऊ नये. उलट, चांगल्या दिवसांत भरभराटीत असलेला आणि आता थंडावलेला धंदा पुन्हा उभा राहण्याचा संभव पुष्कळ असतो.

गिऱ्हाईक काय पुढे ढकलते?

दुसरा प्रश्न गिऱ्हाइकाच्या बाजूने विचारावा. हाती पैसा कमी असला की मनुष्य आपले खर्च तीन भागांत वाटतो.

पहिला भाग थांबविता न येणारा : धान्य, दूध, औषध, शाळेची वह्या-पुस्तके, कामावर जाण्यासाठी लागणाऱ्या दुचाकीची डागडुजी. दुसरा भाग पुढे ढकलता येणारा : नवे फर्निचर, घराची रंगरंगोटी, नवे वाहन, भारी कपडे, सहली. तिसरा भाग मंदीत उलट वाढणारा. नवी वस्तू परवडत नाही म्हणून जुनी दुरुस्त करून वापरणे, मोठ्या भावाचे कपडे धाकट्याच्या मापाचे करून घेणे, जुनी पुस्तके आणि जुनी यंत्रे विकत घेणे, बाहेर हॉटेलात जेवण्याऐवजी घरगुती डबा लावणे, हे सर्व या भागात येते.

नवा धंदा शक्यतो पहिल्या आणि तिसऱ्या भागातून निवडावा, हे उघड आहे. पण येथे एक सावधगिरी हवी. पहिल्या भागात, उदाहरणार्थ किराण्यात, गिऱ्हाईक कायम असले तरी दुकानदारही पुष्कळ असतात आणि नफा बारीक असतो. टाळेबंदीच्या वेळी ज्यांचे काम गेले त्यांपैकी कितीतरी जण भाजीची हातगाडी घेऊन उभे राहिले. एकाच गल्लीत पाच गाड्या आल्यावर भाजी खाणारी तोंडे काही पाचपट झाली नाहीत. पाचांनाही पोटापुरते मिळेना. 'लोकांना याची गरज आहे' हे पुरेसे कारण नाही. 'लोकांना गरज आहे, आणि ती येथे कोणी नीट भागवीत नाही' हे खरे कारण.

तिसऱ्या भागात, म्हणजे दुरुस्ती आणि सेवेच्या कामात, भांडवल कमी व कसब जास्त लागते. शिवणयंत्र, पंप, मोटार बांधणे, मिक्सर, शीतकपाट, मोबाइल, दुचाकी, नळकाम, वीजकाम यांत माल भरून ठेवावा लागत नाही आणि मजुरी बहुधा रोख मिळते. मात्र हे काम शिकल्यावाचून येत नाही. सहा महिने दुसऱ्याच्या हाताखाली राबून शिकण्यात कमीपणा मानणाऱ्याने या वाटेला जाऊ नये.

आपल्या हाती काय आहे?

तिसरा प्रश्न स्वतःला विचारावयाचा. मला काय येते, माझ्या घरच्या माणसांना काय येते, आणि मला कोण ओळखते? शेजाऱ्याचा धंदा चांगला चालतो म्हणून आपण तोच करावा, हे तर्कशास्त्र पुष्कळांना बुडविते. शेजाऱ्याचे दुकान दिसते. त्याची वीस वर्षांची ओळख, घाऊक व्यापाऱ्याकडील पत आणि मालाची पारख दिसत नाही.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचे उदाहरण आपल्या जिल्ह्यातील असल्याने येथे देतो. त्यांचा जन्म बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचा. ते मुंबईत तांत्रिक शिक्षणसंस्थेत शिक्षक होते. त्याच काळात १८८८ साली बेळगावात सायकलींचे दुकान निघाले आणि ते भावाने सांभाळले. नोकरी आधी सोडून मग धंद्याचा शोध सुरू झाला, असा क्रम नव्हता. सायकलीच्या दुकानातून यंत्रांची दुरुस्ती, त्यातून कडबा कापण्याची यंत्रे, मग लोखंडी नांगर, आणि १९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी, अशी ही वाट आहे. प्रत्येक पायरी आदल्या पायरीवर शिकलेल्या कामातून निघाली.

दुसरे उदाहरण लिज्जत पापडाचे. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईच्या गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटावयास प्रारंभ केला. त्यांच्यापाशी दुकान नव्हते, यंत्र नव्हते. जागा होती ती चाळीची गच्ची. परंतु पापड लाटण्याचे कसब प्रत्येकीच्या हातात आईपासून आलेले होते, आणि माल लगेच विकला जाणारा होता. पुढे त्या कामातून हजारो स्त्रियांची संस्था उभी राहिली. आपल्या घरांतही असे कसब आहे. कोणाच्या घरची चटणी, कोणाच्या घरचा कुंदा, कोणाच्या घरची बिर्याणी, कोणाचे भरतकाम साऱ्या आप्तांत नावाजलेले असते. धंद्याचा शोध तेथून सुरू करावा. मात्र आप्तांनी फुकट खाऊन केलेली वाखाणणी आणि परक्याने पैसे मोजून केलेली दुसरी खरेदी यांत महदंतर आहे. धंद्याचा पुरावा दुसरा.

वहीतले गणित

आता मुख्य गोष्ट. धंदा ठरविण्यापूर्वी एका कागदावर दोन प्रकारचे खर्च वेगळे लिहावेत. विक्री होवो वा न होवो, महिना भरला की द्यावाच लागणारा तो स्थिर खर्च : भाडे, नोकराचा पगार, वीज, कर्जाचा हप्ता. प्रत्येक नगामागे होणारा तो बदलता खर्च : कच्चा माल, इंधन, बांधणी. नगाच्या विक्रीच्या किमतीतून बदलता खर्च वजा केला म्हणजे जी शिल्लक राहते, तिच्यातून आधी स्थिर खर्च भागवावा लागतो. त्यानंतर उरेल तो नफा.

मासल्यादाखल डब्याचा, म्हणजे पोळीभाजीचा, धंदा घेऊ. आकडे समजण्यापुरते कल्पिलेले आहेत. प्रत्येकाने आपल्या गावचे आकडे घालावेत. एका डब्याची किंमत ८० रुपये, त्याला सामान, गॅस व बांधणी मिळून खर्च ५० रुपये. शिल्लक ३० रुपये. भाड्याचा गाळा घेतला तर दरमहा भाडे ६,०००, नोकराला ९,०००, हप्ता २,५००, वीज-पाणी १,५०० आणि किरकोळ १,०००, एकूण २०,००० रुपये स्थिर खर्च. २०,००० ला ३० ने भागले की ६६७ डबे येतात. महिन्याचे २६ दिवस धरले तर रोज सुमारे २६ डबे विकल्यावर धंदा ना नफा ना तोटा या रेषेवर येतो. म्हणजे रोज २६ डबे करूनही घरात एक रुपया येत नाही.

आता हाच धंदा घरच्या स्वयंपाकघरातून, घरच्याच माणसांनी केला असे समजा. भाडे व नोकर गेले. स्थिर खर्च ५,००० उरला. रोजचे तेच २६ डबे विकले तर महिन्याला सुमारे २०,००० रुपये शिल्लक पडते, आणि ५,००० वजा जाता १५,००० रुपये घरात राहतात. पदार्थ तोच, गिऱ्हाईक तेच, श्रमही जवळजवळ तेवढेच. फरक केवळ स्थिर खर्चाचा. यावरून मंदीच्या धंद्याचा पहिला नियम निघतो. स्थिर खर्च जितका कमी तितके आयुष्य जास्त. काचेचे कपाट, रंगीत पाटी आणि उद्घाटनाचा समारंभ यांनी गिऱ्हाईक एकदा येते. हप्ता मात्र दर महिन्याला येतो.

दुसरा नियम किमतीविषयी. समोर दुसरा डबेवाला आला म्हणून आपण ८० चे ७० केले, तर शिल्लक ३० ची २० होते. गाळ्यातील धंद्याला रेषेवर राहण्यासाठीच आता १,००० डबे, म्हणजे रोज ३८ ते ३९ डबे विकावे लागतील. किंमत एक-अष्टमांशाने उतरविली आणि विक्री दीडपट करावी लागली. म्हणून किमतीची स्पर्धा लहान दुकानदाराने शक्य तोवर टाळावी. वेळेवर पोहोचविणे, स्वच्छता, माप चोख ठेवणे, आजारी माणसासाठी कमी तिखटाचा डबा देणे, अशा गोष्टींनी गिऱ्हाईक बांधावे.

फिरणारा पैसा आणि अडकलेला पैसा

ज्या धंद्यात माल भरावा लागतो, तेथे भांडवल वर्षातून किती वेळा फिरते हे पाहावे. समजा, एक लाखाचा माल आहे आणि विकल्यावर त्यावर आठ हजार सुटतात. माल दरमहा संपून नवा भरला गेला तर वर्षाला ९६,००० रुपये सुटतील; चार महिन्यांनी एकदा संपला तर अवघे २४,०००. भांडवल तेच, टक्केवारी तीच. मंदीत माल हळू फिरतो, म्हणून नवख्याने थोडा माल ठेवून वरचेवर भरावा. एकदम घेतल्यास स्वस्त मिळतो या लोभाने घर भरू नये. फॅशनचे कपडे, शोभेच्या वस्तू आणि मोबाइलची वेष्टने यांचा माल तर पडून राहिला की जुना होतो आणि मुद्दलही जाते.

उधारीबद्दल आपल्या पूर्वजांनी एका ओळीत सांगून ठेवले आहे : उधारीचे पोते सव्वा हात रिते. वरील डब्याच्या धंद्यात महिन्याची विक्री सुमारे ५४,००० रुपयांची आहे. त्यातील तिसरा हिस्सा महिन्याच्या उधारीवर गेला तर १८,००० रुपये लोकांकडे अडकले. पुढच्या महिन्याचे पीठ आणि तेल आणावयास पैसा राहत नाही; मग ते सावकाराकडून आणले जाते. वहीत नफा दिसतो आणि गल्ल्यात पैसा नसतो. पुष्कळ धंदे तोट्याने न मरता या कोरडेपणाने मरतात.

मोठ्या कारखान्यास माल पुरविणाऱ्यांनी एक कायदा लक्षात ठेवावा. सूक्ष्म व लघु उद्योगांसाठी २००६ साली झालेल्या कायद्याप्रमाणे, नोंदणी केलेल्या लहान उत्पादकाचे वा सेवा पुरविणाऱ्याचे बिल लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत चुकते करणे खरेदीदारास बंधनकारक आहे. उशीर झाल्यास व्याज लागते. या नोंदणीची 'उद्यम' नावाची पद्धत १ जुलै २०२० पासून आहे व ती विनामूल्य आहे. त्यासाठी कोणी पैसे मागितल्यास देऊ नयेत. त्याखेरीज अन्नपदार्थांच्या धंद्यास अन्नसुरक्षा कायद्याखालील नोंदणी आणि दुकानास महापालिकेचा परवाना घ्यावा. ही कामे आधी उरकली म्हणजे पुढे दंडाचे भय राहत नाही आणि बँकही दारात उभे करते.

भांडवल कोठून आणावे?

हाती असलेल्या रकमेचे आधी दोन भाग करावेत. घरखर्चाचे सहा महिने आणि मुलांची वर्षाची फी ही रक्कम पहिल्या भागात, वेगळ्या खात्यात. तिला धंद्याने स्पर्श करावयाचा नाही. उरलेल्या भागातून निम्म्यापेक्षा जास्त रक्कम यंत्र, अनामत आणि सजावट यांत घालू नये. बाकीची चालू खर्चासाठी हाती ठेवावी. पहिले चार-सहा महिने धंदा आपल्याला पोसत नसतो, आपणच त्याला पोसावयाचे असते. राहते घर तारण ठेवून नवा धंदा कदापि सुरू करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. दुकान बुडाले तर दुसरे काढता येते. छप्पर गेल्यावर कुटुंबाला उभे राहण्यास जागाच उरत नाही.

कर्ज घ्यावयाचेच असेल तर व्याजाचा दर वर्षाच्या भाषेत काढावा. 'महिना शेकडा पाच' हा दर कानाला लहान वाटतो. वर्षाला तो ६० टक्के होतो. एक लाखावर दरमहा ५,००० रुपये केवळ व्याज झाले. आपल्या डब्याच्या हिशोबात ते भरण्यासाठीच १६७ डबे विकावे लागतील, आणि मुद्दल होते तेथेच राहील. त्यापेक्षा बँक, सचोटीची सहकारी सोसायटी किंवा ओळखीतील भिशी बरी. २०१५ साली सुरू झालेल्या मुद्रा योजनेत ५०,००० रुपयांपर्यंत, त्यापुढे ५ लाखांपर्यंत आणि १० लाखांपर्यंत अशा पायऱ्यांनी बिनतारण कर्जाची सोय झाली; आधीचे कर्ज फेडलेल्यांसाठी २०२४ च्या अर्थसंकल्पात ही मर्यादा २० लाखांपर्यंत वाढविण्यात आली. फेरीवाल्यांसाठी जून २०२० मध्ये स्वनिधी योजना निघाली. तिचे पहिले कर्ज १०,००० रुपयांचे होते, ते २०२५ मध्ये १५,००० करण्यात आले. ही कर्जेच आहेत, देणगी नव्हे, हे विसरू नये.

भगिनी वर्गाने गटकर्जाबाबत विशेष जपावे. आठवड्याचा हप्ता आणि हंगामी धंदा यांचे जमत नाही. शिलाईचे काम ईद, दिवाळी, लग्नसराईत उतू जाते आणि पावसाळ्यात ओसरते. हप्ता मात्र दर आठवड्यास दारात उभा असतो. मग एका गटाचा हप्ता भरण्यासाठी दुसऱ्या गटाचे कर्ज काढले जाते. वसुलीतील जुलमाच्या तक्रारी इतक्या वाढल्या की फेब्रुवारी २०२५ मध्ये कर्नाटक सरकारला त्याविरुद्ध वटहुकूम काढावा लागला. कायद्याने दमदाटी थांबू शकेल. अंगावर घेतलेले ओझे आपल्यालाच उतरवावे लागते.

तीन खड्डे

मंदीत जाहिराती फार येतात. 'यंत्र आमच्याकडून घ्या, माल घरी बनवा, तयार माल आम्हीच विकत घेऊ' हा पहिला खड्डा. यंत्राचे पैसे घेईपर्यंत माणसे गोड असतात. पुढे आपला माल 'दर्जात बसत नाही'. ज्याला खरोखर माल हवा आहे त्याचा नफा मालात असतो. ज्याचा नफा यंत्र विकण्यात आहे त्याला आपल्या मालाशी कर्तव्य नसते. दरमहा ठराविक उत्पन्नाची हमी देऊन अनामत मागणाऱ्या एजन्सीलाही हाच न्याय लावावा. धंद्यात ठराविक उत्पन्नाची हमी कोणी देऊ शकत नाही.

दुसरा खड्डा एकाच गिऱ्हाइकावर विसंबण्याचा. एकाच कारखान्याला डबे, एकाच व्यापाऱ्याला पिशव्या. तो थांबला की आपणही थांबलो. निम्म्याहून अधिक विक्री एका दारी जाऊ लागली की दुसरे दार शोधावयास लागावे.

तिसरा खड्डा नात्यातील तोंडी भागीदारी. मेहुणा पैसे घालतो, आपण श्रम घालतो. चालले तर भांडण नफ्याचे, बुडाले तर भांडण मुद्दलाचे. कोणी किती घातले, कोण किती तास बसणार, पगार कोणाला, सोडावयाचे झाल्यास हिशोब कसा, हे पहिल्याच दिवशी कागदावर लिहून दोघांनी सह्या कराव्यात. यात अविश्वास नाही. नाते शाबूत ठेवण्याचा तोच उपाय आहे.

आधी प्रयोग, मग पाटी

धंदा मनाशी ठरला म्हणजे ज्या ठिकाणी तो काढावयाचा त्या चौकात सात दिवस, सकाळ, दुपार, संध्याकाळ उभे राहून माणसे मोजावीत. खडेबाजारातील गर्दी आणि वडगावातील गर्दी एकसारखी नसते. एक खरेदीला आलेली असते, दुसरी घरी परतणारी असते. त्याच धंद्यातील दुसऱ्या गावच्या दुकानदारास भेटावे. गावचा मनुष्य खरे सांगणार नाही. निपाणीचा किंवा खानापूरचा सांगेल, कारण आपण त्याचे गिऱ्हाईक तोडणार नाही. नंतर एक महिना गाळा न घेता लहान प्रमाणात करून पाहावे. दहा डबे, वीस पाकिटे, पाच यंत्रांची दुरुस्ती. किती गिऱ्हाइके दुसऱ्यांदा आली हे लिहून ठेवावे. ज्या धंद्याचा असा लहान प्रयोग करताच येत नाही, ज्यात आरंभीच सर्व रक्कम ओतावी लागते, तो मंदीत नवख्याने निवडू नये.

आणि सर्वांत अवघड गोष्ट शेवटी. पहिल्या दिवशीच, मन शांत असताना, थांबण्याची मर्यादा कागदावर लिहून पत्नीच्या किंवा वडील माणसाच्या हवाली करावी : 'इतकी रक्कम गेली, किंवा इतके महिने धंदा रेषेच्या वर आला नाही, तर मी बंद करीन.' बुडत्या धंद्यात मनुष्याचे मन शांत नसते. 'अजून पन्नास हजार घातले की सावरेल' असे त्याला प्रत्येक महिन्याला वाटते. वेळीच बंद केलेले दुकान ही बेअब्रू नाही. त्यातून अनुभव आणि थोडे भांडवल दोन्ही घेऊन मनुष्य बाहेर पडतो व पुन्हा उभा राहू शकतो.

आपण सर्वांनी काय करावे?

न्यासाचे सभासद आणि त्यांची कुटुंबे यांना यात करण्यासारखे पुष्कळ आहे. आपल्यात अनुभवी व्यापारी आहेत, बँकेतून निवृत्त झालेले आहेत, हिशोबनीस आहेत. यांपैकी तिघा-चौघांनी महिन्यातून एक संध्याकाळ दिली आणि नवा धंदा काढणाऱ्याने आपला कागद त्यांच्यापुढे ठेवला, तर किती घरांची पुंजी वाचेल! आर्थिक मदत द्यावयाची झाल्यास त्याआधी महिन्याच्या प्रयोगाची वही पाहण्याचा नियम न्यासाने करावा. त्याने अर्जदाराचाच फायदा होईल.

आणि एक अगदी साधे काम प्रत्येकाच्या हातचे आहे. आपल्यापैकी कोणी नवे दुकान काढले की आपण कौतुकाने जातो, हार घालतो, आणि 'आपलेच आहे' म्हणून माल घेऊन पैसे महिनाअखेरीस देतो. वरचा हिशोब ज्याने वाचला त्याला या कौतुकाची किंमत कळेल. नव्या दुकानदाराला हार नको, सवलतही मागू नये. योग्य भाव द्यावा आणि तो रोख द्यावा. त्याच्या पहिल्या वर्षात आपण त्याच्यासाठी याहून मोठे काही करू शकत नाही.